चेंचाच्या घरचा पत्ता

ओतिलियाला खोटं बोलता येत नाही, असं गावात सगळे म्हणत. ते खरंच होतं. पण तिला गप्प राहता येत होतं, आणि गप्प राहणं कुणी खोट्यात धरत नाही. माणसांनी आपली करून ठेवलेली ही एक मोठीच सोय आहे.

फ्रेस्नोच्या दक्षिणेला द्राक्षमळ्यांच्या मधोमध ते गाव आहे. तिथल्या एका लाँड्रीच्या कोपऱ्यात फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तिचं टेबल लागायचं. पाठीमागे कपडे घुसळणारी यंत्रं, पुढ्यात कॉम्प्युटर, आणि समोरच्या खुर्चीवर मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरातून आलेला कुणीतरी मळेकरी, टोपी गुडघ्यावर ठेवून, शाळेत मास्तरांपुढे बसावं तसा. ओतिलिया लोकांचे कर भरून द्यायची. आणि ज्यांच्याकडे या देशाचे कागद नव्हते, त्यांना कर भरायचा नंबर मिळवून द्यायची. तिचं खरं काम हेच.

कागदवाल्यांना सोशल सिक्युरिटीचा नंबर असतो. त्यावर नोकरी मिळते, म्हातारपणी पेन्शन मिळते. बिनकागदवाल्यांना कर खातं निराळा नंबर देतं. तो नऊने सुरू होतो, म्हणून गावात त्याला नऊचा नंबर म्हणतात. त्यावर नोकरी मिळत नाही, पेन्शन मिळत नाही, पोलिसाला दाखवून काही उपयोग नाही. कर मात्र भरता येतो.

"म्हणजे पंगतीला बसायचं नाही, वर्गणी तेवढी द्यायची," त्या खुर्चीवर बसून फिदेन्सिओ नावाचा एकजण एकदा म्हणाला होता. "सरकारला आम्ही दिसत नाही, आमचा पैसा दिसतो. बरी नजर आहे!"

"वर्गणीची पावती मिळते ना?" ओतिलिया म्हणाली होती. "उद्या कायदा आला तर विचारतील, इतकी वर्षं कुठे होता, काय करत होता? तू पावत्या पुढे टाक. दुसरा नुसत्या शपथा घेत बसेल."

हे ती मनापासून बोलायची. तिच्या बापाचं असंच झालं होतं. शहाऐंशी साली शेतमजुरांसाठी माफीचा कायदा निघाला, तेव्हा बापाकडे मुकादमांच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या होत्या. त्या चिठ्ठ्यांवर त्याला कागद मिळाले, आणि त्याच्यामागून बायकोमुलांना. शेजारच्या खोलीतल्या माणसाने चिठ्ठ्या चुलीत घातल्या होत्या. तो शेवटपर्यंत लपत राहिला. ओतिलिया तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. कागद म्हणजे काय हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मोठी झाल्यावर ती दिवसा बेदाण्याच्या शेडमध्ये आणि संध्याकाळी कॉलेजात हिशेब शिकायला, अशी राबली. नवरा ट्रक घेऊन टेक्सासला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. मूलबाळ नव्हतं. तिने दोन दिवस रडून घेतलं आणि लाँड्रीच्या मालकाकडून कोपरा भाड्याने घेतला. जीभ तिखट, काम चोख. अर्जाबरोबर पासपोर्ट टपालाने पाठवू नका, हरवतात, म्हणून ती स्वतःच्या गाडीत माणसं कोंबून फ्रेस्नोच्या मेक्सिकन वकिलातीत न्यायची आणि पासपोर्टाची शिक्क्याची नक्कल करून आणायची. तेवढ्यासाठी लोक तिच्यावर जीव टाकत.

आता अडचण यायची ती पत्त्याची. नंबर टपालाने येतो. आणि या लोकांचा पत्ता कुठला? मे-जूनमध्ये चेरी तोडायला ओरेगॉन, सप्टेंबरात सफरचंदांना वॉशिंग्टन, मधे द्राक्षं. दहाजण एका खोलीत, तीही मुकादमाची. गराजमध्ये राहणाऱ्याच्या दाराला टपालपेटी कुठून असणार? म्हणून या लोकांत एक रीतच पडली होती. ज्याचं बिऱ्हाड हलत नाही अशा एखाद्या विश्वासाच्या माणसाचा पत्ता सगळ्यांनी लिहायचा. पत्रं तिथे येणार, आणि परतल्यावर जो तो आपापली घेऊन जाणार.

या गावात तो पत्ता चेंचाचा होता.

चेंचाचं पाळण्यातलं नाव क्रेसेन्सिया, पण त्या नावाने तिला फक्त पाद्री हाक मारायचा. फिदेन्सिओची बायको. दोघांकडेही कागद नाहीत. मुलगी सित्लाली इथलीच जन्मलेली. तिच्या बाप्तिस्म्याला ओतिलियाने तिला हातांत धरलं होतं, म्हणून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्खी बहीण देव देतो, कोमाद्रे आपण निवडतो, आणि निवडलेलीला सोडता येत नाही. चेंचाला नऊचा नंबर ओतिलियानेच काढून दिला. त्या नंबरावर कर्ज देणारी एक पतपेढी निघाली आणि फिदेन्सिओने गावाच्या टोकाला एक मोडकं घर घेतलं. छप्पर त्याने घातलं, फरशी त्याने बसवली, रस्त्यावर लोखंडी खांबाला टपालपेटी त्यानेच ठोकली. कर भरला म्हणून घर झालं, असं चेंचा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ओतिलियाची याहून मोठी जाहिरात दुसरी नव्हती.

रविवारी लोक पत्रं न्यायला येत. रिकाम्या हातांनी कोण येणार? कुणी भोपळे आणी, कुणी कोंबडी. पोसोल्याचं, मका-मांसाच्या रश्शाचं, पातेलं चढे. चेंचा पत्रं हातात खेळवत दारात उभी राहायची आणि म्हणायची, "आधी जेव, मग सरकार काय म्हणतंय ते बघ. उपाशीपोटी सरकारचं ऐकू नये." लोक तिला पोस्टमास्तरीण म्हणून चिडवत. ती चिडायची नाही. उलट पदर खोचल्यासारखी ॲप्रनची गाठ घट्ट करायची.

असं वीसेक वर्षं चाललं.

मग गेल्या वर्षी वसंतात बातमी आली की कर खातं बिनकागदवाल्यांचे पत्ते मिग्राला देणार. मिग्रा म्हणजे माणसं उचलून हद्दीपार करणारे. कुणी म्हणे कोर्टाने थांबवलं, कुणी म्हणे देऊनसुद्धा झालं. खरं काय ते टीव्हीवरच्या वकिलांनाही सांगता येईना.

ओतिलिया वीस वर्षं प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाला एकच सांगत आली होती. "कर खात्याचं तोंड शिवलेलं असतं. ते मिग्राशी बोलत नाही. कायदाच आहे तसा." तेव्हा तो तसाच होता. पण मेंढपाळ म्हणाला कुंपण पक्कं आहे, आणि लांडगा आत आला, तर मेंढ्या कुंपणाला बोल लावत नाहीत.

त्या वर्षी लाँड्रीतली खुर्ची रिकामीच राहिली. आले ते भांडायला. "माझं नाव काढ त्यातून," एकजण म्हणाला. तिने सांगितलं की निघत नाही. "मग पत्ता बदल." तिने सांगितलं की नवा कळवता येतो, पण जुना पुसत नाहीत. आणि नवा कुठला लिहू? तो म्हणाला, "वीस वर्षांत एवढंच शिकलीस होय?" आणि ओले कपडे तसेच पिशवीत कोंबून गेला.

त्याच्या बोलण्याचं तिला काही वाटलं नाही. तिला दुसऱ्याच गोष्टीने पोखरलं होतं. सगळ्या गावाची नावं, मेलेल्यांची, परत गेलेल्यांची, ज्यांचा आता ठावठिकाणाही नाही त्यांची, सगळी एकाच घरावर लिहिली होती. बाकीच्यांना शोधायला मिग्राला अख्खं राज्य पालथं घालावं लागलं असतं. या नावांसाठी एकच दार पुरे होतं, आणि ते उघडायला चेंचा येणार होती.

हे चेंचाला ठाऊक नव्हतं. टपाल आपल्या पेटीत येतं एवढं तिला ठाऊक होतं. पण दर वर्षीच्या प्रत्येक करविवरणावर आपलंच घर त्या माणसांचं राहतं घर म्हणून लिहिलं जातं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम ओतिलियाचं होतं.

आणि ती गप्प राहिली. आज सांगू, रविवारी सांगू, ईस्टर होऊ दे. सकाळी लाँड्रीत जाताना उगाच वळसा घालून चेंचाच्या घरावरून गाडी न्यायची. फिदेन्सिओचा ट्रक आहे ना? दोरीवर कपडे आहेत ना? आहेत. मग आजचा दिवस गेला. आत मात्र जायची नाही. बाजारात चेंचाची पाठ दिसली की ही टोमॅटो टाकून दुसऱ्या रांगेत. पन्नाशीच्या बाईने असं लपावं? पण ती लपली.

शेवटी चेंचाच लाँड्रीत येऊन उभी राहिली. हातात मोलेचा, मिरच्या वाटून केलेल्या घट्ट रश्शाचा, डबा.

"जिवंत आहेस होय? मला वाटलं, चर्चमध्ये तुझ्या नावाने मास सांगावा लागतोय."

"काम होतं गं, कोमाद्रे."

चेंचाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग लाँड्रीतल्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं. "हो, गर्दी दिसतेय."

ओतिलिया तिच्या हातातला डबा घेऊन झाकणाशी चाळा करत राहिली.

"खरं सांग," चेंचा म्हणाली, "आमच्याकडे यायला भीती वाटते ना तुला? बिनकागदवाल्यांच्या दारात नागरिकबाईंची गाडी दिसायला नको. नको तर नको. तसं तोंडावर सांग. मी काही मरत नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग रविवारी ये. फिदेन्सिओचा पुतण्या आलाय, एवेरार्दो. बायकोला दिवस गेलेत. त्याला नऊचा नंबर हवाय. पोराचा जन्म व्हायच्या आत बाप नियमाने वागायला लागू दे म्हणते मी. तूच शिकवलंयस ना?"

रविवारी ओतिलिया गेली. न जाऊन सांगणार काय?

स्वयंपाकघरात पोसोले उकळत होतं. सित्लाली कोबी चिरत होती. एवेरार्दो कोरे कपडे घालून टेबलापाशी बसला होता, बायको त्याच्या मागे भिंतीला टेकून. ओतिलियाने कॉम्प्युटर उघडला. नाव विचारलं, जन्मगाव विचारलं. पोरगा नीट उत्तरं देत होता. मग ती थांबली.

"लिही की," चेंचा पळी हलवत म्हणाली. "इथलाच पत्ता. आता काय तो पाठ झाला असेल तुझ्या बोटांना."

बोटं हलेनात.

"अगं, अडली कशाला?"

"सित्लाली," ओतिलिया म्हणाली, "यांना घेऊन जरा परसात जा. लिंबं दाखव."

"लिंबं?" सित्लाली म्हणाली. "लिंबं कसली दाखवायची?"

"जा म्हटलं ना."

ती गेली, ते दोघेही गेले. फिदेन्सिओ दारात उभा होता, तो हलला नाही. ओतिलियाने त्याला जायला सांगितलं नाही. घर त्याचंही होतं.

मग तिने सांगितलं. आडवळण न घेता, तिला दुसरं काही येतच नव्हतं. कर खात्याच्या लेखी या घरात सगळं गाव राहतं. त्यांनी खरंच पत्ते दिले, तर पहिलं दार हेच असेल.

चेंचाने गॅस बारीक केला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"बातमी आली तेव्हापासून."

"बातमीला वर्ष झालं."

"हो."

"वर्षभर मी रात्री दाराला कडीसुद्धा न घालता झोपले. आणि तू बाजारात टोमॅटोमागे लपत होतीस. दिसत होतीस बरं मला. एवढी काही बारीक नाहीस तू."

ओतिलियाने मान खाली घातली. मग वाटलं, आता अर्धं सांगून काय मिळवायचं? आणि जे कुणी विचारलं नव्हतं तेही तिने सांगितलं. अगदी सुरुवातीला, जेव्हा पत्ता कुणाचा लिहायचा हा प्रश्न आला, तेव्हा तिचं स्वतःचं बिऱ्हाडही हलत नव्हतं. तिला पेटी होती. कागद होते. सगळ्यांत सुरक्षित पत्ता तिचाच होता. पण त्याच वर्षी तिने नागरिकत्वाचा अर्ज केला होता. मुलाखतीत साहेब विचारेल, बाई, तुमच्या दोन खोल्यांत ही एवढी माणसं कोण, या भीतीने तिने चेंचाचं नाव पुढे केलं होतं.

"तू म्हणालीस, माझं घर मोठं," चेंचा हळू म्हणाली. "तू म्हणालीस, लोकांचा माझ्यावर आहे तेवढा विश्वास तुझ्यावरही नाही."

"ते खोटं नव्हतं."

"नव्हतं ना? म्हणूनच चाललं." चेंचाने ॲप्रनला हात पुसले, कोरडेच होते ते. "विचारलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं. त्या वेळी मी तुझ्यासाठी विहिरीतसुद्धा उतरले असते. पण तू विचारलंस कुठे? मला विहिरीत उतरवलंस आणि वर सांगितलंस की हा तुझा मान."

फिदेन्सिओ अजून दारातच होता. तो म्हणाला, "मी हे घर सोडणार नाही."

"तुला कुणी विचारलंय?" चेंचा म्हणाली.

"फरशी मी बसवली."

"आणि ती उखडून घेऊन जाणारेस मेक्सिकोला? गप्प बस जरा. मला विचार करू दे."

तिने विचार केला. पोसोल्यात मीठ टाकलं, चाखलं, परत टाकलं. ओतिलिया बसून राहिली. कुणीतरी शिव्या घालाव्यात, हाकलून द्यावं, असं तिला फार वाटत होतं. तसं कुणी केलं नाही.

"तुझ्या खोल्या दोनच ना?" चेंचाने पाठमोरीच विचारलं.

"दोन."

"पुरतील."

"कशाला?"

"आम्हाला. तिघांना. तुझ्या खोल्यांच्या पत्त्यावर कुणाचं नाव आहे?"

"माझंच. एकटीचं."

"बघ, किती स्वच्छ ठेवलास." चेंचा वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. "आम्ही तिकडे जातो. तू इथे राहायला ये. कर्जाचे हप्ते आम्हीच भरू, घर आमचंच राहील. पण दार तू उघडायचं. कुणीही येऊ दे. तुझ्याकडे कागद आहेत ना? मग दाखव. म्हण, मी राहते इथे. ही माणसं इथे राहत नाहीत, कधी राहिली नाहीत, फक्त पत्रं यायची. ते खरंच आहे. आणि खोटं बोलता येत नाही तुला, सगळं गाव म्हणतं."

ओतिलिया हो म्हणाली. क्षणभर तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लगेच लाज वाटली. घर गमावत होती चेंचा, आणि सुटल्यासारखं हिला वाटत होतं.

एवेरार्दोच्या अर्जावर तिने स्वतःच्या खोल्यांचा पत्ता लिहायला घेतला. चेंचाने तिचा हात धरला. "वेडी का खुळी? तिथे आता मी राहणार आहे. पोराला सांग, यंदा थांब." पोराने ऐकलं, आणि तोंड पाडून जेवायला बसला. जेवण मात्र सगळे जेवले. ओतिलियाच्या वाडग्यात चेंचाने नेहमीसारखं जास्त मांस वाढलं नाही, कमीही वाढलं नाही. इतरांना वाढलं तेवढंच वाढलं. ओतिलियाला ते फार लागलं.

आठवड्याभरात अदलाबदल झाली. कपडे, अंथरुणं, सित्लालीची पुस्तकं फिदेन्सिओच्या ट्रकमधून तीन फेऱ्यांत गेली. देवीची तसबीर चेंचाने मांडीवर घेतली. जाताना तिने सांगितलं ते एवढंच, की मागचा नळ घट्ट बंद होत नाही.

ओतिलिया त्या घरात नीट वावरायलाच शिकली नाही. भिंतीवर जिथे तसबीर होती तिथे रंग उजळ राहिला होता, तिकडे ती पाठ करून बसायची. चेंचाच्या पलंगावर तिने एक दिवस झोपून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण बाहेरच्या खोलीत, दाराजवळ आणलं. पत्रं येत होती, कमी येत होती. रविवारी कुणी येत नव्हतं. लोकांना चेंचाने काय सांगितलं होतं कोण जाणे, पण बाजारात बायका ओतिलियाशी फार नीट बोलायला लागल्या, परक्या माणसाशी बोलावं तसं. फोनवर चेंचा बोलायची ती कामापुरतं. हप्ता भरला. झाडांना पाणी घाल. ओतिलिया "कोमाद्रे" म्हणून सुरुवात करायची. पलीकडून नुसतं "हं" यायचं.

ऑगस्टात, बेदाण्यांची द्राक्षं वाळवायला मळ्यांत कागद पसरायच्या सुमाराला, एका सकाळी दारावर थाप पडली. तीन ठोके, ठाम. ओतिलिया कॉफी तशीच टाकून उठली. पासपोर्ट तिने दाराशेजारच्या खुंटीवर पिशवीत लावून ठेवला होता. तो तिने हातात घेतला, आणि वाक्य जुळवत दार सताड उघडलं.

बाहेर चेंचा उभी होती. आपल्याच घराच्या पायरीवर, बाहेरच्यासारखी.

"पाटा न्यायचाय," ती म्हणाली. "तुझ्या त्या मिक्सरमध्ये मोले म्हणजे चिखल होतो."

"ये ना आत. ठोठावायचं कशाला? तुझंच घर—"

चेंचा आत आली नाही. तिने आधी ओतिलियाच्या हातातल्या पासपोर्टाकडे पाहिलं, मग सताड उघड्या दाराकडे.

"आधी कोण आहे विचारायचं असतं," ती म्हणाली. "मग खिडकीतून बघायचं. आणि कोर्टाचा कागद दाखवल्याशिवाय दार उघडायचं नसतं. कागदवालीला हे कुणी शिकवलं नाही? आम्ही पोरांना पाळण्यात शिकवतो."

"चुकलं," ओतिलिया म्हणाली.

"हं. लाव परत."

"काय?"

"दार लाव. मी ठोठावते. नीट कर."

ओतिलियाने दार लावलं. कडी घातली. पलीकडे चेंचा उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग थाप पडली.

"कोण आहे?" ओतिलियाने विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. पण ती थांबली, आणि उत्तर येईपर्यंत कडीला हात लावला नाही.